अंगणात इंजिन उतरवताना

दुपारची जेवणं, भांडी उरकून तुम्ही बसला असाल. आजचा विषय पापड-लोणच्याचा नाही, शिवणकामाचाही नाही. आज आम्ही बोलणार आहोत गाडीच्या इंजिनाबद्दल. हे तर गड्यांचं काम, असं म्हणून लगेच उठू नका. कारण गाडीचं इंजिन बिघडलं की ते पुष्कळदा आपल्याच अंगणात उतरतं. आपल्याच लिंबाच्या फांदीला साखळी बांधली जाते, आपल्याच फरशीवर जॅक लागतो आणि आपलीच पोरं भोवती गोळा होतात. चहा आपण करतो, हप्ताही बऱ्याच ठिकाणी आपल्याच गटाच्या खात्यातून जातो. मग काम कसं होतं, ते आपल्याला ठाऊक नको का?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात बऱ्याच गटांनी गाडी घेतली आहे. कुणी दूध डेअरीला घालतं, कुणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी शहरात पोचवतं, कुणी आषाढीला पंढरपुरात माल नेऊन विकतं. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी मारुती नाहीतर जुनी व्हॅन घेतली जाते. मारुती 800 पहिल्यांदा 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि 2014 साली कंपनीनं ती बनवायची थांबवली. ओम्नी व्हॅन 2019 पर्यंत बनत होती. म्हणजे आपल्याकडच्या या गाड्या आता वयानं मोठ्या झाल्या आहेत. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखतात तसं यांचं इंजिन कधीतरी कुरकुरतंच.

शहरातल्या मोठ्या गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट असते. गावात ती नाही. बंद पडलेली गाडी ओढून सोलापूरला न्यायची तर तो खर्च वेगळा. म्हणून मिस्त्री म्हणतो, "गावातच उतरवू, फक्त इंजिन टेम्पोत घालून लेथवर नेऊ." हे होऊ शकतं. आमच्या गटाच्या मारुतीचं इंजिन आम्ही असंच, मिस्त्रीला बोलावून, लिफ्टशिवाय उतरवून घेतलं. ते काम सुरू असताना आणि नंतर विचारपूस करून आम्हाला जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न मिस्त्रीला असा विचारा: इंजिन खरंच उतरवावं लागणार आहे का? हा प्रश्न पैसे वाचवतो. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. हेडचं गॅसकेट गेलं असेल तर बहुतेक वेळा इंजिन जागेवर ठेवूनच हेड काढता येतं. क्लच प्लेट घासली असेल तर गिअरबॉक्स सोडवून काम भागतं. पण पिस्टनच्या रिंगा गेल्या, सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तेल पिऊन टाकतंय आणि मिस्त्री म्हणतोय की बोअर करावं लागेल, तर मात्र इंजिन बाहेर काढावं लागतं. कारण तो लोखंडी ठोकळा लेथवर न्यावा लागतो. "का उतरवायचं" याचं उत्तर साध्या शब्दांत मिळालं नाही, तर दुसऱ्या मिस्त्रीला विचारा. यात लाजायचं काही नाही. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं तर आपण दुसऱ्या डॉक्टरला विचारतोच ना.

दुसरा प्रश्न: इंजिन वर निघतं की खाली? हे गाडीगाडीवर असतं. मारुती 800 मध्ये इंजिन पुढे, बॉनेटखाली आडवं बसवलेलं असतं. ते बॉनेट काढून वरून उचलता येतं. ओम्नीत जवळजवळ तसलंच 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आहे, पण ते पुढच्या सीटखाली असतं. ते खालून उतरवावं लागतं. म्हणजे गाडीचं धूड वर उचलून धरायचं आणि इंजिन खाली सोडून बाहेर सरकवायचं. हे काम जास्त जोखमीचं आहे, कारण माणसाला गाडीखाली जावं लागतं. म्हणून आम्ही स्पष्टच सांगतो. ज्या गाडीचं इंजिन वरून निघतं ती अंगणात उघडायला हरकत नाही, पण खालून निघणारं इंजिन भक्कम लोखंडी घोड्या आणि पक्की कोब्याची जमीन असल्याशिवाय घरी उतरवू नका. आणि गाडीला गॅसचं किट बसवलं असेल, मग ते एलपीजी असो की सीएनजी, तर ती अंगणात उघडायचीच नाही. ती जाणकाराच्या गॅरेजातच न्यायची. एसी असेल तर एसीचा गॅसही गॅरेजातच उतरवून आणायचा, घरी नळी सोडायची नाही.

आता वजनाचं बघू. मारुतीचं छोटं इंजिन गिअरबॉक्ससकट धरलं तर सिमेंटच्या दोन गोण्यांच्या आसपास भरतं. जीपचं किंवा बोलेरोचं डिझेल इंजिन चार-पाच गोण्यांपर्यंत जातं. आता मनात आणा, दोन गोण्या एकत्र बांधून छातीइतक्या उंचीवर टांगल्या आहेत. त्या कुणाच्या पायावर पडल्या तर? चारजण मिळून हातानं उचलतो म्हणतात, तेही ऐकू नका. इंजिनाला धरायला मुठी नसतात, ते तेलकट असतं आणि एकाचा हात सुटला की बाकी तिघांच्या कमरेवर येतं.

आपल्या आज्या-पणज्यांनी मोट पाहिली आहे. विहिरीवर एक चाक, त्यावरून नाडा, बैल धावेवरून उताराला चालायचे आणि पाण्यानं भरलेली कातड्याची मोट वर यायची. तिथे वजन पेलायचे ते बैल. एकाच चाकावरून दोर टाकला तर ओढण्याची दिशा बदलते, वजन कमी होत नाही. शिवाय दोर सुटला की मोट धाडकन खाली. म्हणून इंजिनाला साधा दोर आणि एक कप्पी चालत नाही. त्यासाठी चेन ब्लॉक लागतो. कुणी त्याला चेन पुली म्हणतात. त्यात आत दातेरी चाकं असतात. हाताची साखळी आपण पुष्कळ ओढावी तेव्हा वजन थोडंसंच वर चढतं, पण त्यामुळे एक माणूसही इंजिन उचलू शकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात आतल्या आत ब्रेक असतो. साखळी ओढणाऱ्यानं हात सोडला तरी वजन तिथल्या तिथे थांबतं. मोटर उतरवणारे, विहिरीचं काम करणारे, वेल्डिंगवाले यांच्याकडे चेन ब्लॉक असतो आणि तो भाड्यानं मिळतो. त्यावर एक टन असं काहीतरी कोरलेलं असतं, ते वाचा. हुकाला चिमटा आहे का, साखळीची कडी कुठे वाकली किंवा गंजून झिजली आहे का, हे हात फिरवून बघा. कासरा, चऱ्हाट, नायलॉनचा दोर इंजिनाला बांधू देऊ नका. दोर ताणला जातो आणि लोखंडाच्या धारेवर घासून तुटतो.

चेन ब्लॉक आणला, पण तो टांगायचा कशाला? इथेच जास्त घोटाळा होतो. आपल्या भागात अजून माळवदाची घरं आहेत. घरात सावली असते, वर जाड तुळई दिसते. मग कुणीतरी म्हणतं, "तुळईलाच अडकवू की." मैत्रिणींनो, तुळईवर आधीच काय आहे ते आठवा. लाकडी सर, त्यावर चिपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात ती माती पाणी पिऊन आणखी जड होते. लाकूड आतून वाळवीनं खाल्लं आहे का, हे खालून दिसत नाही. माळवदाचं आणि दगडमातीच्या भिंतींचं वजन काय करतं, ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आपण पाहिलं आहे. त्या दिवशी सोलापूरलाही हादरा बसला होता. हजारो माणसं आपापल्या घराखालीच गाडली गेली. ज्या तुळईखाली आपण झोपतो, तिला इंजिन टांगायचं नाही. पत्र्याच्या शेडचे अँगलही त्यासाठी नसतात. ते पत्रे आणि वारा सांभाळण्याइतकेच असतात.

आमच्याकडेही घरातल्या एका भावजींनी तुळईच दाखवली होती. आमच्यातल्या आत्याबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माळवदावर दर वर्षी माती मीच टाकत्ये. किती हाय ती मला ठावं. हितं काय टांगायचं नाही." त्यावर कुणी बोललं नाही. मिस्त्रीनंही मान हलवली आणि सगळे अंगणात आले. घराची माहिती आत्याबाईंना होती, इंजिनाची मिस्त्रीला. काम नीट व्हायला दोन्ही लागतात.

झाड चालतं का? लिंबाची जिवंत, मांडीएवढी जाड आडवी फांदी चालते. पण साखळी फांदीच्या टोकाला नाही, खोडाजवळ बांधायची. साखळीखाली पोत्याची जाड घडी घालायची, म्हणजे साल कापली जात नाही आणि साखळी घसरत नाही. वाळकी फांदी, चीर गेलेली फांदी, वाळवी लागलेली फांदी नको. शेवगा तर नकोच नको. शेवग्याला आपण पोरींचा झोकासुद्धा बांधत नाही, कारण त्याची फांदी कटकन मोडते. कुठल्याही फांदीला आधी धान्याच्या गोण्या टांगून बघा, इंजिनाच्या दुप्पट वजनाच्या. खाली कुणी उभं राहायचं नाही. फांदी वाकली किंवा करकरली तर तो बेत सोडा.

झाडापेक्षा बरं असतं ते तिकाटणं. तीन जाड लोखंडी पाइप, वरून बोल्टानं एकत्र जोडलेले आणि खाली पसरलेले. पूर्वी विहिरीवरचं ऑइल इंजिन काढतानाही गावोगाव असं तिकाटणं उभं करत. त्याचे पाय फाकत गेले की ते कोसळतं, म्हणून तिन्ही पायांना खाली साखळीनं एकमेकांशी बांधायचं. आणि आपली जमीन काळी. कोरडी असताना दगडासारखी वाटते, ओली झाली की पाय रुततो. म्हणून प्रत्येक पायाखाली खळगा करून चपटा दगड बसवायचा आणि पाय त्यात टेकवायचा. पाऊस पडून गेल्यावर दोन-चार दिवस हे काम काढूच नये.

जॅकचंही तेच. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. त्याचं तेल गळलं, तो थोडा तिरका झाला की गाडी खाली येते. गाडी उचलली की लगेच लोखंडी घोड्या लावायच्या आणि गाडी त्यांच्यावर टेकवायची. विटांची चळत, सिमेंटचे पोकळ ठोकळे, भाजलेल्या मातीच्या कुंड्या, काही चालायचं नाही. ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम भुगा होतात. शहाबादी फरशी दिसायला मजबूत, पण तिच्याखाली पोकळ माती असेल तर जॅकच्या टोकाखाली ती फुटते. जॅकखाली आणि घोडीखाली जाड लाकडी फळी हवी. जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे.

आता तयारीचा दिवस. हा दिवस बायकांनी आपल्या हातात घ्यावा, असं आम्ही मनापासून सांगतो. कारण पसारा न होऊ देता सामान लावून ठेवणं आपल्याला जमतं. गाडी पूर्ण गार होऊ द्यायची. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आधी बॅटरीची वायर काढायची, त्यातही आधी वजा चिन्हाची. मग रेडिएटरचं पाणी, इंजिनाचं तेल वेगवेगळ्या डब्यांत काढायचं. इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोलच्या नळीत दाब असतो. गाडी बंद असली तरी नळी सोडताच पेट्रोलची पिचकारी उडते. तो दाब मिस्त्रीनं आधी उतरवला पाहिजे, आणि तसं त्याला विचारायचं.

वायरी, नळ्या, क्लचची तार, अ‍ॅक्सिलेटरची तार, सायलेन्सरचा पाइप, चाकाकडे जाणारे शाफ्ट हे सगळं सोडवावं लागतं. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, चारी बाजूंनी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच आकड्याची पट्टी चिकटवा. बोल्टांसाठी आम्ही एक युक्ती केली. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढलं, जसं आपण रांगोळीचे ठिपके मांडतो तसं. ज्या जागेचा बोल्ट काढला, तो पुठ्ठ्यावर त्याच जागी भोक पाडून खोचून ठेवला. बसवायच्या दिवशी एकही बोल्ट शोधावा लागला नाही, एकही उरला नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरण्याही उपयोगी पडल्या, फक्त झाकणावर नाव लिहायचं.

शेवटी राहतात ती इंजिनाची फाउंडेशनं. म्हणजे इंजिन ज्या रबरी बैठकींवर बसलेलं असतं, त्या. त्यांचे बोल्ट सोडण्याआधीच इंजिन चेन ब्लॉकला अडकवून साखळी हलकीशी ताणून घ्यायची. इंजिनाला उचलण्यासाठीच केलेल्या लोखंडी कड्या असतात, साखळी त्यांतच अडकवायची. प्लास्टिकच्या भागाला, नळीला किंवा वायरीच्या जुडग्याला अडकवायची नाही.

उचलायच्या दिवशी आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज आठवा. तो उंच ध्वज पेलताना प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि कुणी मधेच आपल्या मनानं काही करत नाही. इंजिन उचलतानाही तसंच. हुकूम एकाचाच, तो मिस्त्रीचा. साखळी एकच माणूस ओढणार. एकजण बाजूला उभं राहून इंजिन झुलू नये म्हणून लांब काठीनं सावरणार. बाकी सगळे लांब. किती लांब? तिकाटण्याची उंची असेल तेवढं आणि वर आणखी चार पावलं. तिथे चुन्याची रेघ मारा. रेघेच्या आत पोर, शेळी, कोंबडी कुणी नको. पोरांना त्या दिवशी शेजारच्या आळीत पाठवा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एकीला नेमा. हे काम चहापेक्षा महत्त्वाचं आहे.

चार बोटं उचललं की थांबायचं. भोवती फिरून बघायचं. एखादी वायर अडकली आहे का? एखादी नळी ताणली गेली आहे का? तिकाटण्याचे पाय जागेवर आहेत का? सगळं ठीक असेल तर पुढे. इंजिन पुढच्या बंपरच्या वर आलं की एक गोष्ट लक्षात ठेवा. लटकतं इंजिन सरकवायचं नाही, तेव्हा चाकांचे दगड काढून गाडीच हळूहळू मागे ढकलायची. गाडी बाजूला झाली की इंजिन लगेच खाली घ्यायचं, जुन्या टायरवर. टांगलेल्या इंजिनावर पाना चालवायचा नाही. आणि इंजिन लटकत असताना त्याच्याखाली हात, पाय, डोकं काही घालायचं नाही. खाली पडलेला पाना काढायचा असला तरी नाही.

आपण स्वतः हात लावणार असू तर साडीचा पदर कमरेला घट्ट खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, वेणी बांधून वर घ्यायची, मंगळसूत्र आत घालायचं. काचेच्या बांगड्या काढायच्या नसतील तर त्यांवर जुना मोजा चढवा. धातूची अंगठी मात्र काढाच. बॅटरीच्या टोकाला ती टेकली तर बोट भाजतं.

आता आग आणि विष. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या चुलीपर्यंत पोचते. म्हणून काम चालू असताना अंगणातली चूल बंद, पाणी तापवायचा बंब बंद, बिडी-काडी बंद. भाग धुवायला पेट्रोल वापरू देऊ नका. जवळ दोन बादल्या कोरडी वाळू भरून ठेवा. पेट्रोल पेटलं तर त्यावर पाणी टाकायचं नाही, आग पाण्यावर तरंगत पसरते. वाळू टाकायची आणि आटोक्यात नसेल तर 101 ला फोन करायचा.

रेडिएटरमधलं हिरवं नाहीतर लाल पाणी हे साधं पाणी नसतं. त्यातलं कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. वासरू, कुत्रं किंवा लहान मूल ते पिऊ शकतं. ते डब्यात भरून, झाकण लावून, उंचावर ठेवा. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नका. काळं तेल विहिरीजवळ, ओढ्यात, उकिरड्यावर ओतू नका. ते डब्यात भरून गॅरेजला परत द्या. कुणाच्या पोटात पेट्रोल, रॉकेल किंवा कूलंट गेलं तर उलटी करायला लावू नका. लगेच 108 ला फोन करा आणि डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. बोट चेंगरलं, पाय दबला तरी तोच नंबर. फोनवर गाव, वस्ती, रस्ता कोण सांगणार, हे सकाळीच ठरवा.

कामाइतकाच हिशेबही जपायचा. इंजिनाच्या ठोकळ्यावर नंबर कोरलेला असतो. तो आरसी बुकातल्या नंबराशी जुळवा, फोटो काढा आणि मगच इंजिन लेथकडे जाऊ द्या. परत आल्यावर पुन्हा जुळवा. आपली गाडी सोलापूरच्या एमएच 13 ची असो की अकलूजच्या एमएच 45 ची, इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. नाहीतर पुढे अपघात झाला किंवा गाडी विकायची झाली तर कागद अडतो. जुने काढलेले भाग परत मागून घ्या. कुठला भाग नवा घातला, त्याची पावती गटाच्या वहीत चिकटवा. गाडी गटाची असेल तर "आमचे हे बघतात" एवढं पुरत नाही. खर्चाला मंजुरी बैठकीत द्यायची आणि ठरावात लिहायची.

आता कुणी म्हणेल, बायकांनी एवढं कशाला शिकायचं? पण यंत्र काही आपल्या मुलखाला परकं नाही. इंजिनात झडपा उघडायला आणि मिटायला एक दांडा असतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. ते बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी 1992 साली आपल्या सोलापुरात सुरू झाली आणि तिथले कॅमशाफ्ट परदेशातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांकडे जातात. शेजारच्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून, दुचाकीचं इंजिन बसवून, जीपसारखी चारचाकी गाडी बनवली. आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि 2022 च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली. आपल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स असतो. तिथे मुलीही जाऊ शकतात. दहावी झालेली, हाताला काम आवडणारी एखादी पोर तुमच्या वस्तीत असेल, तर तिच्या आईशी एकदा बोला.

आम्ही कुणाला मिस्त्री व्हा म्हणत नाही. इंजिन मिस्त्रीच उतरवेल. पण घर आपलं, अंगण आपलं, पोरं आपली आणि हप्ता आपला. त्यामुळे एक शब्द आपल्याकडे पाहिजे, "थांबा." साखळी तुळईला निघाली, थांबा. जॅकखाली वीट लागली, थांबा. रेघेच्या आत पोर आलं, थांबा. हा शब्द उच्चारायला वय लागत नाही आणि पानाही धरता यावा लागत नाही. घरातल्या सुनेनंही तो म्हणावा आणि म्हटला की सगळ्यांनी हात सोडून थांबावं, असं काम सुरू होण्याआधीच मिस्त्रीसमोर ठरवून घ्या. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. राग येणारा मिस्त्री असेल तर त्याच्या हाती आपलं इंजिन देऊ नका.

पुढच्या बैठकीत तीन कामं करा. तुमच्या गावात चेन ब्लॉक आणि लोखंडी घोड्या कुणाकडे भाड्यानं मिळतात, ते शोधून वहीत लिहा. गाडीच्या इंजिनाचा नंबर वहीत उतरवा. आणि ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आपल्या अंगणात उभं राहून बघा, टांगायला जागा कुठे आहे आणि कुठे नाही. दोन घोड्या गटाच्याच पैशांतून घेता आल्या तर फारच छान. गरज पडेल त्या घराला त्या देता येतील आणि भाडंही गटाच्या खात्यात येईल.

काम सुरळीत होऊ द्या, सगळ्यांचे हातपाय धड राहू द्या.